पन्नाशीच्या उंबऱ्यावर नवीन भाषा शिकताना काय करायचं (आणि काय नाही)

माझं टॉवेल-चादरीचं दुकान सोलापूरच्या पूर्व भागात, निम्मं गिऱ्हाईक घरात तेलुगू बोलणारं, तरी इतक्या वर्षांत मला 'एंता' म्हणजे 'केवढ्याला' याच्या पुढं काही येत नव्हतं. मागच्या वर्षी मनावर घेतलं. तुम्हाला कॉम्प्युटर शिकायचा असो नाहीतर हार्मोनियम, रीत जवळपास हीच.

आधी ते "मी बघून शिकणारा, मला ऐकून जमत नाही" डोक्यातनं काढा. तसल्या टेस्ट नेटवर ढीगभर आहेत, मी पण दिली होती. पण २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी सगळं संशोधन तपासलं तर ज्याच्या त्याच्या टाइपप्रमाणे शिकवलं की जास्त येतं याला धड पुरावाच मिळाला नाही. आवड असते हो ज्याची त्याची, पण पद्धत विषय बघून ठरवा. उच्चार कानानंच येणार, लिपी गिरवूनच. आणि मागावर तुटलेला धागा जोडायला पुस्तक वाचून कोण शिकलंय, शेजारी उभं राहून बघायचं आन् मग हात घालायचा.

आता मेन गोष्ट, वही मिटायची. मी रोज रात्री चाळीस शब्द वाचायचो, वाटायचं सगळं येतंय, आणि सकाळी दुकानात तोंडाला कुलूप. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच करून बघितलं: पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढं, पण आठवड्यानं घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढं. म्हणून एकदा वाचा, वही मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, डोकं खाजवा, चुका, मगच वही उघडा. कंटाळा येतो, येऊ द्या.

दुसरं, बुटाचा रिकामा खोका घ्या आणि त्यात तीन कप्पे करा, रोजचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा. शब्दाची चिठ्ठी बरोबर आली की पुढच्या कप्प्यात, चुकली की परत पहिल्यात. ही आयडिया सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन माणसाची, १९७२ ची. ॲप पण आहेत, पण मोबाईल हातात घेतला की मी रील्स बघतो.

आणि लगेच वापरा. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले, तिथं पेशंटमध्ये राहून चिनी शिकले. आपल्याला तर गल्ली ओलांडायचीय फक्त. गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा, चुकलं तर हसा पण सांगा. मी एका आज्जीला टॉवेलचा भाव 'नूट इरवै', म्हणजे एकशेवीस, सांगायच्या ऐवजी नुसतं 'इरवै' म्हणालो, तिनं शांतपणे वीसची नोट काढून गल्ल्यावर ठेवली आणि टॉवेल घेऊन निघाली की ओ. 'नूट' त्यानंतर एकदाही विसरलेलो नाही.