येझदीचा पिस्टन पुन्हा पुन्हा का धरत होता

वडिलांची येझदी २५०, जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. सिलिंडर बोअर करून (आतलं भोक थोडं मोठं करून), ओव्हरसाइज पिस्टन टाकून आणली आणि ४० किलोमीटरवर पिस्टन धरला, इंजिन जाम. महिनाभराने पुन्हा तेच. सगळे म्हणायचे, ऑइल वाढव. पण पेट्रोलमध्ये ऑइल बरोबर होतं, २५ ला १.

शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका छोट्या लेथवाल्या काकांकडे सिलिंडर नेला. त्यांनी आधी हात लावला नाही. पिस्टन आणि बोअर दोन्ही मायक्रोमीटरने मोजले. दोघांमधली फट जेमतेम ०.०३ मिलिमीटर! बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सिलिंडरपेक्षा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, मग त्याला जागाच उरत नाही. टू-स्ट्रोकला तर एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या सिलिंडरच्या भोकाची बाजू जास्तच तापते.

होनिंग करून, म्हणजे बोअर आतून बारीक घासून, फट ०.०७ केली. दुसरी गोष्ट मला सर्वात मोलाची वाटते: बोअरनंतर पोर्टच्या कडा पात्यासारख्या धारदार राहिल्या होत्या, पिस्टनवरची रिंग तिथेच अडकायची. काकांनी त्या बारीक कानशीने हळूहळू मारल्या, पाऊण तास. मग सिलिंडर गरम पाण्याने, साबणाने धुतला, लगेच ऑइल लावलं. रिंगच्या दोन टोकांमधला गॅप ०.२५ मिलिमीटर ठेवला.

पहिले ५०० किलोमीटर सावकाश चालवली. आता २२०० झाले, परवाच पन्हाळ्याचा घाट चढून आलो.