‘फास्ट’ शब्दाचं मूळ कसं शोधायचं

दादरला इंडिकेटरवर ‘एफ’ दिसलं की गाडी फास्ट. स्टेशनबाहेर कपड्याच्या दुकानात तोच शब्द ऐकू येतो: ‘कलर फास्ट आहे, धुतल्यावर जाणार नाही.’ गाडी सुसाट पळते म्हणून फास्ट आणि रंग जागचा हलत नाही म्हणूनही फास्ट. अर्थ असे एकमेकांच्या उलट दिसले की तो शब्द शोधायला घ्यावा. तासाभराचं काम आहे.

आधी वहीत वाक्यं गोळा करा. नुसता शब्द घेऊन शब्दकोश उघडलात तर पहिल्याच अर्थावर थांबाल. सहा वापर पुरतात: फास्ट लोकल, घड्याळ 5 मिनिटं फास्ट, फास्ट कलर, फास्ट अस्लीप, फास्ट फ्रेंड्स आणि उपवास या अर्थाचा फास्ट. प्रत्येकापुढे मराठी शब्द लिहा: जलद, पुढे, पक्का, गाढ, पक्के, उपवास. आता दिसेल की वेगाचे अर्थ दोनच आहेत. पक्का रंग, पक्के मित्र, गाढ झोप यांचा घोळका वेगळाच आहे. उपवास तेवढा एकटा उरतो, त्याला तसाच ठेवा.

मग शब्दकोश, पण कुठला ते महत्त्वाचं. रोजच्या वापराचे कोश सहसा आज सर्वांत जास्त चालणारा अर्थ वर देतात, म्हणून ‘वेगवान’ पहिला येतो आणि तोच मूळ अर्थ असावा असं वाटतं. इथेच बहुतेकांची चूक होते. ऐतिहासिक कोशात जुना अर्थ आधी आणि नंतरचे क्रमाने, प्रत्येकाखाली सालवार उतारे. इंग्रजीचा असा सर्वांत मोठा कोश ऑक्सफर्डचा: पहिला भाग 1884 साली निघाला, पूर्ण व्हायला 1928 उजाडलं. तो ऑनलाइन पाहायला पैसे पडतात. सुरुवातीला ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ पुरेल, ती फुकट आहे. नोंदीतून तीनच गोष्टी उतरवा: सर्वांत जुनं रूप, सर्वांत जुना अर्थ आणि पुढचा प्रत्येक अर्थ कोणत्या शतकात दिसतो.

‘फास्ट’चं जुन्या इंग्रजीतलं रूप ‘फॅस्ट’, अर्थ घट्ट, पक्का, न हलणारा. म्हणजे दुकानदाराचा ‘फास्ट कलर’ हा जुना अर्थ आणि फास्ट लोकल हा नंतरचा. विमानात पट्टा ‘फासन’ करायला सांगतात तेही याच घरातलं. त्यातल्या ‘ट’चा उच्चार होत नाही म्हणून नातं कानाला कळत नाही, स्पेलिंग पाहा.

आता खरी मेहनत: घट्ट ते वेगवान हा पूल. तो दाखवता आला नाही तर शोध अपुरा समजा. क्रम असा: घट्ट उभं राहणं, मग नेट लावून लढणं, मग नेट लावून धावणं. नेट लावून धावणारा भरभर जातो, आणि हळूहळू ‘नेट’ गळून ‘भरभर’ तेवढं उरलं. हे क्रियाविशेषणात आधी झालं. ‘वेगवान’ हे विशेषण 16व्या शतकात रुळलं. पटत नसेल तर मराठीतलं ‘जोरात’ पाहा. ‘जोरात ढकल’मध्ये ताकद आहे, ‘जोरात पळ’मध्ये वेग. तोच पूल आपण रोज ओलांडतो. अशी जोडी आपल्या भाषेत सापडली की अर्थबदल पाठ करावा लागत नाही.

उपवासही याच मुळाचा. घट्ट धरणं, त्यावरून नियम पाळणं, त्यावरून अन्न वर्ज्य करणं. मराठीत आपण उपवास ‘धरतो’ आणि ‘सोडतो’. इंग्रजीत तो ‘ब्रेक’ करतात, त्यातून 15व्या शतकात ‘ब्रेकफास्ट’ आला. मग शेजारच्या भाषेत पडताळा घ्या. जर्मनमध्ये ‘फेस्ट’ म्हणजे घट्ट आणि ‘फास्टन’ म्हणजे उपवास करणं. दोन्ही अर्थ तिथेही आहेत, तेव्हा नातं पक्कं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्युत्पत्ती मात्र तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ हे साफ खोटं आहे. तो ‘न्यू’पासून, नव्या गोष्टी या अर्थाने, बनलेला शब्द आहे. आद्याक्षरांवरून शब्द घडवण्याची चाल मुख्यतः 20व्या शतकातली. त्याआधीच्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली की पहिला उतारा कोणत्या सालचा ते विचारा.

दिसण्यावरही जाऊ नका. स्टेशनवर ‘जलद लोकल’ची घोषणा होते, त्यातला ‘जलद’ फारसीतून आलेला. संस्कृतातला ‘जलद’ म्हणजे पाणी देणारा, ढग. अक्षरं तीच असली तरी दोघांचं नातं काही नाही.