पॉलिप काढला, पुढे काय? दोन रिपोर्ट शेजारी ठेवून पुढची तारीख कशी ठरवावी

दुर्बिणीच्या तपासणीत पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ, सापडला, डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे काढला आणि ‘साधा आहे, काळजी नको’ म्हणून सांगितलं. इथे काही जण फाइल कपाटात टाकून विसरतात, तर काही जण धास्तावून दरवर्षी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी) करा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. दोन्ही चूक. माझे स्वतःचे पॉलिप निघालेत, नात्यातल्या आणि ओळखीतल्या अनेकांचे रिपोर्ट मी बसून वाचलेत. त्यावरून सांगते, रुग्णाने हट्टाने करावं असं काम एकच आहे: पुढची तपासणी कधी आणि का, हे लिहून घेणं.

आधी पॉलिप कुठला ते बघा

जठरातला आणि मोठ्या आतड्यातला पॉलिप यांचा हिशोब वेगळा. जठरातले फंडिक ग्लँड पॉलिप अ‍ॅसिडिटीच्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बरेच दिसतात आणि सहसा त्यांचं काही करावं लागत नाही. जठरातला हायपरप्लास्टिक पॉलिप असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करून घ्या. जंतू गेला की असे पॉलिप कधी कधी आपोआप विरतात. जठरातला अ‍ॅडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सरकडे वळू शकणारा पॉलिप, मात्र काढावाच लागतो. पुढचं सगळं मोठ्या आतड्याविषयी.

तपासणी आणि नंतरचे दिवस

पोट साफ करण्याचं औषध दोन हप्त्यांत घ्या, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या काही तास आधी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, सुरूही करू नका. पॉलिप काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो. भरपूर रक्त पडलं, पोट कडक होऊन दुखू लागलं किंवा ताप आला तर सकाळ होण्याची वाट न बघता दवाखाना गाठा.

खरी अडचण: रिपोर्ट वाचणं

कागद दोन असतात. एक कोलोनोस्कोपीचा, तो त्याच दिवशी मिळतो. दुसरा पॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा, तो काही दिवसांनी येतो. बहुतेक लोक दुसऱ्या कागदावर ‘कॅन्सर आढळला नाही’ एवढं वाचून थांबतात. ती ओळ फक्त काढलेल्या तुकड्याबद्दल बोलते, पुढच्या दहा वर्षांबद्दल नाही.

प्रकाराचं नाव शोधा. गुदाशयाजवळचा छोटा हायपरप्लास्टिक पॉलिप निरुपद्रवी. अ‍ॅडेनोमाही साधाच, पण मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर अशाच गाठीतून, साधारण दहा वर्षांच्या संथ प्रवासात तयार होतात. म्हणून तो काढतात आणि म्हणूनच पुढे लक्ष ठेवतात. तिसरा प्रकार सेसाइल सेरेटेड: चपटा, बहुधा उजव्या बाजूला, वर चिकट स्रावाचा थर, त्यामुळे सहज नजरेतून सुटणारा. पूर्वी यातले बरेच हायपरप्लास्टिक म्हणून नोंदले गेले. जुन्या रिपोर्टात उजव्या बाजूचा मोठा ‘हायपरप्लास्टिक’ असेल तर त्याबद्दल मुद्दाम विचारा.

आता तो शब्द, ज्यापाशी मी स्वतः कितीतरी दिवस अडून बसले होते: ‘लो ग्रेड डिस्प्लेसिया’. शोधायला जावं तर भीतीदायक मजकुराचा ढीग मिळतो आणि खरं उत्तर एका ओळीचं आहे. डिस्प्लेसिया म्हणजे पेशींच्या रचनेतला बिघाड, आणि अ‍ॅडेनोमा म्हटला की निदान एवढा डिस्प्लेसिया असतोच, तो वेगळा आजार नाही. ‘हाय ग्रेड’ लिहिलं असेल किंवा ‘व्हिलस’, ‘ट्यूब्युलोव्हिलस’ असे गाठीच्या रचनेचे शब्द असतील तर मात्र डॉक्टरांशी सविस्तर बोला.

आकार आणि संख्या पहिल्या कागदावरून घ्या. पॅथॉलॉजीत ‘तीन तुकडे’ लिहिलं म्हणजे पॉलिप तीन असं नव्हे. एकच पॉलिप तुकड्यांत निघालेला असतो. या गोंधळापायी विनाकारण हादरलेले लोक मी पाहिलेत.

आणि ज्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही ते: तपासणी पूर्ण झाली होती का? दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, पोहोचल्याची नोंद हवी. आतडं किती स्वच्छ होतं याचा बॉस्टन स्कोअर हवा. आतड्याच्या उजव्या, मधल्या आणि डाव्या अशा तिन्ही भागांना प्रत्येकी किमान २ गुण असले तर ठीक. ते नसेल तर खालचे आकडे तुम्हाला लागू नाहीत, तपासणी वर्षाच्या आत पुन्हा करावी लागते. ही नोंद नसलेला रिपोर्ट मी अपुरा समजते. मागून घ्या, संकोच करू नका.

तारीख

अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार १० मिलिमीटरपेक्षा लहान असे एक-दोन ट्यूब्युलर (नळीसारख्या, नेहमीच्या रचनेचे) अ‍ॅडेनोमा असतील तर ७ ते १० वर्षांनी, तीन-चार असतील तर ३ ते ५ वर्षांनी, पाच ते दहा असतील तर ३ वर्षांनी. त्याच वर्षीचं युरोपीय मार्गदर्शन आणखी सैल आहे: चारपर्यंत लहान, लो ग्रेड अ‍ॅडेनोमांसाठी खास पाठपुराव्याची गरज नाही, नेहमीचं स्क्रीनिंग, म्हणजे त्रास नसतानाही सगळ्यांसाठी असलेली ठरावीक तपासणी, पुरे. म्हणून दोन डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या तर लगेच एकाला चुकीचं ठरवू नका, कोणता आधार घेतला ते विचारा. १० मिलिमीटर किंवा मोठा अ‍ॅडेनोमा आणि हाय ग्रेड डिस्प्लेसिया यांवर दोघांचं एकमत आहे: ३ वर्षं. २० मिलिमीटर किंवा मोठा पॉलिप तुकड्यांत काढला असेल तर सहा महिन्यांच्या आसपास ती जागा पुन्हा बघायची. ही तारीख अजिबात चुकवू नका. दहापेक्षा जास्त अ‍ॅडेनोमा निघाले तर वर्षाने तपासणी आणि जनुकीय सल्ल्याचा विचार.

मधल्या काळात

काढे, रस किंवा पोटशुद्धी यांनी अ‍ॅडेनोमा विरघळत नाही. कमी चरबी आणि भरपूर तंतुमय आहार घेऊन नवे अ‍ॅडेनोमा टळतात का, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत तपासलं गेलं. २००० साली निकाल आला, फरक पडला नव्हता. चांगलं खा, पण त्याच्या भरवशावर तारीख पुढे ढकलू नका. तंबाखू आणि दारू सोडा, वजन आटोक्यात ठेवा. मधल्या काळात शौचातून रक्त आलं तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरीच निकाल लावू नका, तारखेआधीच जा.

पॉलिप मोठा किंवा हाय ग्रेड निघाला असेल तर सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तसं सांगा. फोनवर ‘माझं काहीतरी निघालं होतं’ म्हणून भागत नाही. पॅथॉलॉजी रिपोर्टची प्रत पाठवा आणि तेव्हा तुमचं वय किती होतं तेही कळवा, कारण त्यांची पहिली तपासणी कधी करायची हे त्यांचे डॉक्टर या दोन गोष्टींवरूनच ठरवतील.