छोटं रेल्वे संग्रहालय बंद करून दुसऱ्या जागी हलवायचं कसं

सोलापूर जिल्ह्यात रेल्वेच्या जुन्या वस्तू जमवायला घेतल्या की तीन गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या तीन वेगळ्या अंतरांचा, पसारा गोळा होतो. मुंबई-मद्रास मार्गाची १६७६ मिमीची ब्रॉडगेज, गदगकडे जाणारी १००० मिमीची मीटरगेज आणि कुर्डुवाडीची ७६२ मिमीची बार्शी लाइट. बार्शी लाइट १८९७ साली सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली. पुढे गेज बदललं तेव्हा भंगारातून जे वाचलं, ते रेल्वेतल्याच माणसांच्या मायेमुळे. त्यामुळे स्वयंसेवकांनी चालवलेल्या संग्रहालयाची जागा सोडायची वेळ येते तेव्हा खरा धोका ट्रकमधल्या आदळआपटीचा नसतो. टोकनचा गोळा (एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनपर्यंत जायची परवानगी म्हणून चालकाला मिळणारा) कोणत्या दोन स्टेशनांमधला, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) कोणत्या गेजची, हे सांगणारा माणूस आणि ती वस्तू यांची ताटातूट झाली की संग्रहाचा ढिगारा होतो. पुढचा सगळा क्रम ही ताटातूट टाळण्यासाठी लावला आहे.

आधी कागद, मग पाना

संग्रहालय बंद करणं वेगळं आणि संस्था बंद करणं वेगळं. वस्तू संस्थेच्या नावावर असतात. संस्थाच विसर्जित केली तर वाटेतल्या सामानाला धनी उरत नाही. शेवटच्या वस्तूची पोच नव्या जागेहून सहीनिशी येईपर्यंत संस्था चालू ठेवा. सार्वजनिक न्यास असेल तर पत्ता किंवा विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा असतो (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, कलम २२). जागा न्यासाच्या मालकीची असून विकायची असेल तर त्याच कायद्याच्या कलम ३६ खालची परवानगी आधी घ्यावी लागते, व्यवहारानंतर नव्हे. आणि संस्था खरोखरच गुंडाळायची ठरली, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे तीन पंचमांश सभासदांची संमती लागते. उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. ‘मी दिलेला कंदील मी परत नेतो’ असं सभेत कोणीतरी म्हणणारच. त्याचं उत्तर देणगीच्या पावतीत असतं, म्हणून सभेच्या आधी पावत्या शोधून ठेवा.

प्रत्येक वस्तू चारांपैकी एका गठ्ठ्यात बसली पाहिजे: विकत घेतलेली, देणगीची, एखाद्या घरातून उसनी आणलेली, रेल्वेने प्रदर्शनासाठी दिलेली. उसनी वस्तू मालकाच्या नव्या लेखी संमतीशिवाय हलवू नका. मालक वारले असतील तर वारसांना गाठा. याला महिना-दोन महिने सहज जातात, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

रेल्वेची खूण असलेलं लोखंड रस्त्यावर नेताना रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा, १९६६ लक्षात असू द्या. संशय आला तर वस्तू कायदेशीर मार्गाने मिळाली हे दाखवायची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर येते. लिलावाची पावती, डेपोचा डिलिव्हरी कागद, रेल्वेचं पत्र यांच्या प्रती प्रत्येक गाडीच्या चालकाकडे द्या. सोबत त्या गाडीतल्या वस्तूंची यादी आणि डिलिव्हरी चलन द्या. ई-वे बिल (माल वाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) लागतं का, हे कर सल्लागाराला मालाची किंमत सांगून विचारा. कागदाशिवाय रुळाचा चार फुटी तुकडाही गाडीत चढवू नका.

नोंदवही

जुनी नोंदवही असली तरी हलवण्यासाठी नवी करा. रकाने हे ठेवा: क्रमांक, रेल्वेतली माणसं वापरतात ते नाव, गेज, मिमीत मापं, अंदाजे वजन, मूळ स्टेशन किंवा सेक्शन, मालकी, आजची अवस्था, खोक्याचा क्रमांक आणि नव्या जागेतली जागा. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि मग नव्या शेडच्या दारात सगळं ढिगाने उतरतं.

एक मोजणारा, एक लिहिणारा अशी जोडी लावा. फोटो चारही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी. एका जोडीला दिवसाला २५ ते ३० वस्तू धरून चाला. ४०० वस्तूंना दोन जोड्या असल्या तर आठेक दिवस लागतात. अंगणातल्या लोखंडाला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पंचने क्रमांक ठोकून जस्ती तारेने बांधा. मार्करची शाई इथल्या उन्हात महिनाभरही टिकत नाही. कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिल, बाकी काही नाही. जोडीने असणाऱ्या वस्तूंना एकच क्रमांक आणि पोटक्रमांक द्या: १७/१, १७/२.

याच आठवड्यात निवृत्त पॉइंट्समन (गाडीचा रूळ बदलणारे), फिटर, स्टेशन मास्तरांना बोलावून वस्तूसमोर बसवा. घरी जाऊन मुलाखत घेतली तर आठवणी मिळतात, वस्तू हातात दिली की कृती मिळते. मोबाइलवर आधी वस्तूचा क्रमांक मोठ्याने म्हणा, मग तीनच प्रश्न विचारा: हे कोणत्या हाताने चालवायचं, सगळ्यात जास्त काय बिघडायचं, आणि बिघडलं हे कशावरून कळायचं? दहा मिनिटं पुरतात. फाइलला त्याच क्रमांकाचं नाव द्या आणि त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवा. सगळ्या कामात एकच गोष्ट नीट जमणार असेल तर ही जमवा. लोखंड नंतरही हलवता येतं.

तारखा

जानेवारीत संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा शहरातून ट्रेलर काढायचं मनातही आणू नका. पंढरपूरकडचा रस्ता असेल तर आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चारही वाऱ्यांच्या तारखा पंचांगातून काढा. गाळप हंगामाच्या ऐन भरात उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांनी रस्ते भरलेले असतात आणि क्रेन, ट्रेलरही सहज मिळत नाहीत. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात बंद ट्रक भट्टीसारखा तापतो. फोटोंचा थर मऊ होतो, जुनी सागवानी दारं तडकतात. सप्टेंबरचा पाऊस सुरू झाला की काळ्या मातीत क्रेनची चाकं रुततात. या सगळ्यातून जड सामानासाठी उरतो तो फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर. जड वाहनाला शहरात कोणत्या वेळेत प्रवेश आहे, हे वाहतूक पोलिसांकडून लेखी घ्या.

कागद, तिकिटं, नकाशे

खोकी लहान ठेवा, भरलेलं खोकं १५ किलोच्या वर नको. कागद दिसतो हलका, पण रजिस्टरांचं मोठं खोकं तळातून फाटतं.

पुठ्ठ्याची एडमन्सन तिकिटं साधारण ५७ बाय ३० मिमीची असतात. त्यांना रबर बँड लावू नका. उन्हाळ्यात रबर वितळून चिकटतं आणि डाग कायमचा राहतो. सुती नाडी बांधा, तीही सैल. कसर किंवा वाळवी दिसलेला गठ्ठा इतरांत मिसळू नका. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरतं. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह यांना हा उपाय करायचा नाही. काचेच्या निगेटिव्ह आडव्या रचल्या तर खालच्या फुटतात. त्या ताटलीच्या स्टँडसारख्या उभ्या ठेवा.

निळे ब्लूप्रिंट क्षारयुक्त संरक्षक कागदात गुंडाळले की फिके पडतात. इतर कागदांसाठी चांगला असणारा तोच कागद इथे घात करतो, तेव्हा साधा आम्लरहित कागद वापरा. अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या नकाशांच्या प्रती) वेगळ्या नळीत ठेवा, ते शेजारच्या कागदाला पिवळं करतात. कापडी ट्रेसिंगवर पाण्याचा थेंबही पडता कामा नये, त्यातली खळ विरघळते.

आतला मऊपणा सोलापुरात स्वस्त मिळतो: टॉवेलच्या कारखान्यातला नापास माल. मात्र आधी दोनदा धुऊन कडक वाळवा, कारण खळ राहिली तर झुरळं येतात. पितळेभोवती आधी साधं सुती कापड, मग टॉवेल. हलवण्याआधी पितळ घासूनपुसून चकचकीत करायचा मोह टाळा. नक्षी आणि अक्षरं झिजतात आणि पॉलिशची पांढरी पूड खाचांत बसते. इनॅमलच्या पाट्या उभ्या, एकीची पाठ दुसरीच्या पाठीला. स्क्रूच्या भोकापाशी टवके उडतात, तिथे फेल्टची चकती लावा.

सिग्नल आणि टोकनची यंत्रं

नील्स बॉल टोकनची यंत्रं (दोन शेजारच्या स्टेशनांत एकेक असणारी, टोकनचे गोळे देणारी) जोडीनेच हलवा. गोळे बाहेर काढून मोजा, प्रत्येकावरचा क्रमांक आणि स्टेशनांची अक्षरं वहीत लिहा, मग गोळे वेगळ्या खोक्यात भरा. आत राहिलेले गोळे गाडीच्या हिसक्याने आतली यंत्रणा ठोकतात. जुने सेल असतील तर ते काढून प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये वेगळे न्या, गळलेलं रसायन ओतीव लोखंड खातं. यंत्र उभंच न्यायचं; आडवं केलं तर दर्शक सुईचा टेकू मोडू शकतो.

घड्याळाचा लंबक काढल्याशिवाय घड्याळ भिंतीवरून उतरवू नका. लंबक टांगणारी पोलादी पट्टी कागदाइतकी पातळ असते आणि ती तुटली की दुरुस्तीला बराच काळ जातो.

सेमाफोरच्या (हात वर-खाली होणाऱ्या जुन्या सिग्नलच्या) चष्म्यात, म्हणजे दिव्यापुढच्या काचांच्या चौकटीत, एक काच लाल आणि दुसरी निळसर असते. ती निळसर काच चुकीची म्हणून बदलू नका. रॉकेलची ज्योत पिवळी, तिच्यापुढे निळसर काच आली की रात्री हिरवा दिसतो. नव्या हिरव्या काचेने सिग्नल खोटा होतो. काचा काढून वेगळ्या भरा. लिव्हर फ्रेमचं (सिग्नल आणि रूळ बदलायच्या दांड्यांच्या चौकटीचं) इंटरलॉकिंग, म्हणजे परस्परविरोधी दांडे एकदम ओढू न देणारी पट्ट्यांची रचना, सुटं करायचं झाल्यास प्रत्येक पट्टीला क्रमांक घालून, ट्रेमध्ये जशी होती तशीच मांडून न्या. एकदा मिसळलेल्या पट्ट्या जुळवायला मूळ लॉकिंग टेबल (कोणता दांडा कोणाला अडवतो याचा तक्ता) लागतं आणि ते सहसा कोणाकडे नसतं.

रूळ, चाकं, वॅगन

प्रदर्शनातल्या रुळांच्या बोल्टांना दोन दिवस आधी गंज सोडवणारं तेल पाजा. गॅसने कापणं शेवटचा पर्याय, कारण बार्शी लाइटचे जुने बोल्ट पुन्हा मिळत नाहीत. वजन आधी कागदावर काढा. ९० पौंडी रूळ मीटरला ४४.६ किलो, म्हणजे १३ मीटरचा एक रूळ ५८० किलो, तो क्रेनने. बार्शी लाइटचा ३० पौंडी रूळ मीटरला १५ किलोच्या आत, ६ मीटरचा तुकडा चार जण रेल्वेच्या चिमट्यांनी उचलतात.

हायड्राच्या (चाकांवरच्या छोट्या क्रेनच्या) अंगावर लिहिलेला टनांचा आकडा बूम (क्रेनचा लांब हात) पूर्ण आत असतानाचा असतो. बूम बाहेर काढला की क्षमता झपाट्याने घटते, म्हणून चालकाकडून अंतर आणि वजनाचा तक्ता मागा. स्लिंगच्या (वजन उचलायच्या दोराच्या किंवा पट्ट्याच्या) कोनाकडेही लक्ष हवं. दोन स्लिंगांवर ४ टनांची वॅगन असेल आणि स्लिंग जमिनीशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर सुमारे २.३ टन येतात. तेच ३० अंशांवर आले तर प्रत्येकावर पूर्ण ४ टन. शिवाय तिरक्या स्लिंगा लाकडी बॉडी दोन्ही बाजूंनी दाबून फोडतात. वर आडवी स्प्रेडर बीम (स्लिंगा फाकवून ठेवणारी तुळई) टाका, स्लिंग चेसिसखालून घ्या. कपलिंगला धरून उचलायचं नाही.

ॲक्सल बॉक्समधलं तेल काढून जर्नलला (ॲक्सलचं त्या बॉक्समध्ये फिरणारं टोक) ग्रीस चोपडा, कोरडा जर्नल पहिल्या पावसात गंजतो. ट्रेलरवर आधी रुळांचं पॅनल बांधा, त्यावर वॅगन घ्या. स्प्रिंग आणि चेसिसमध्ये लाकडी ठोकळे ठोका. ते नसले तर गतिरोधकावर स्प्रिंग दबते, साखळ्या सैल होतात आणि चालकाला कळतही नाही. चाकांना दोन्हीकडून गुटके, चेसिसपासून चार साखळ्या तिरक्या, टर्नबकलने ताणलेल्या. हँडब्रेकवर विसंबू नका. पहिल्या १० किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा ताणा. गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा वजनकाट्यावर न्या. त्या पावतीवरून नव्या जागेच्या क्रेनची निवड होते.

जुना लाल रंग शिशाचा असू शकतो, तो कोरडा घासू नका. इंजिनाच्या बॉयलरभोवतीचं जुनं पांढरं वेष्टण ॲस्बेस्टॉसचं असेल असंच धरा. ते उघडायचं नाही, पत्रा निघाला असेल तर ओलं करून प्लॅस्टिकने झाका आणि प्रशिक्षित माणूस बोलवा.

नवी जागा आणि जुनं फाटक

काळ्या मातीवर थेट रूळ टाकले तर पहिल्याच पावसाळ्यात गेज बिघडतं. माती काढून मुरूम थराथराने दाबा, वर खडी, पाण्याला बाजूने वाट. क्रेनच्या पायांखाली पोलादी प्लेटा. ट्रक येण्याआधी शेडच्या जमिनीवर खडूने वस्तूंचे क्रमांक लिहून ठेवा. उतरवताना वही एकाच माणसाच्या हातात असावी, आणि त्याने वजन उचलायचं नाही.

जुनी जागा देताना खड्डे भरा, वीज मीटरचं शेवटचं बिल घ्या, जागामालकासोबत फोटोंसह पंचनामा करा. झाडलोट करताना सापडलेले सुटे बोल्ट, चाव्या, बिल्ले एका डब्यात ‘क्रमांक नाही’ अशी चिठ्ठी लावून न्या, फेकू नका. यंत्र पुन्हा जोडताना त्यातलंच काहीतरी कमी पडलेलं असतं. जुन्या फाटकावर नवा पत्ता आणि फोन असलेली पत्र्याची पाटी निदान दोन वर्षं राहू द्या, तशी अट पंचनाम्यातच घाला. एखाद्या घरात माळा आवरताना आजोबांची हातबत्ती सापडते, कोणीतरी ती पिशवीत घालून जुन्या पत्त्यावरच येतं, आणि कुलूप पाहून माघारी वळायच्या आत त्याला पुढचा पत्ता दिसायला हवा.