ऑइलमधलं पॉलिमर: बाटली ओतण्याआधी एवढं बघा

साताऱ्यात माझं दुचाकीचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. आठवड्यात एखादं तरी गिऱ्हाईक चकचकीत बाटली घेऊन येतं. "दादा, ऑइल बदलताना ही पण ओता, घर्षण कमी होतं म्हणे." मी बाटली परत देतो आणि आधी ऑइलचा डबा हातात देऊन वाचायला सांगतो. ज्या पॉलिमरसाठी ते जादा पैसे मोजून आलेत, ते बहुतेक वेळा त्या डब्यात आधीच मोजूनमापून घातलेलं असतं.

डब्यावर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं: पहिला आकडा थंडीतल्या दाटपणाचा, दुसरा तापल्यावरच्या. पहाटे किक मारताना ऑइल पातळ हवं, नाहीतर इंजिन जड फिरतं. तेच ऑइल घाट चढताना तापून पाण्यासारखं झालं तर धातूवर धातू घासायला लागतो. म्हणून मूळ तेल जरा पातळ घेतात आणि त्यात पॉलिमर विरघळवतात. पॉलिमर म्हणजे लांबलचक साखळीसारखा रेणू. थंडीत तो अंग आखडून बसलेल्या माणसासारखा गोळा होऊन राहतो, तेलाच्या वाटेत येत नाही. ऑइल तापलं की हातपाय पसरतो आणि तेलाचा दाटपणा धरून ठेवतो. ऑलेफिन कोपॉलिमर आणि पॉलिमेथॅक्रिलेट ही त्यातली नेहमीची नावं. पॉलिमेथॅक्रिलेटचे काही प्रकार तर धातूला चिकटून राहतील असे मुद्दाम बनवतात. गाडी हळू चालते, वेग कमी पडल्यामुळे तेलाचा थर टिकत नाही, तेव्हा त्यांची मऊ साय मध्ये राहते.

कंपनीच्या माहितीपत्रकात व्हिस्कॉसिटी इंडेक्स हा आकडा शोधा. साध्या सिंगल ग्रेड, म्हणजे डब्यावर एकच आकडा असलेल्या ऑइलचा तो शंभरच्या आसपास असतो, वरच्यासारख्या दोन आकड्यांच्या मल्टिग्रेडचा त्याहून बराच जास्त. जितका जास्त, तितका ऑइलचा दाटपणा थंडी-उष्णतेनं कमी बदलतो.

आता क्लचचं. हे नीट वाचा, कारण इथेच लोक फसतात. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि त्याला घर्षण लागतं. म्हणून डब्यावर जासो या जपानी मानकाप्रमाणे एमए, एमए२ किंवा एमबी लिहितात. पहिले दोन ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी. एमबी जास्त घसरतं, गिअर नसलेल्या स्कूटरना ते चालतं, कारण त्यांचा क्लच ऑइलबाहेर कोरडा असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्या. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर त्यानं आणलेली घर्षण कमी करायची बाटली १५० सीसीच्या गाडीत ओतली. दुसऱ्याच दिवशी कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात इंजिन ओरडतंय आणि गाडी काही ओढत नाही. दोनदा ऑइल उतरवून नवीन भरलं, तरी शेवटी क्लच प्लेटा बदलाव्याच लागल्या. तेव्हापासून माझ्या हातानं अशी बाटली कुठल्या गाडीत गेलेली नाही.

टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफईवाल्या बाटल्यांचं वेगळं. तो भुकटीसारखा घन पदार्थ, तेलात विरघळतच नाही, नुसता तरंगत राहतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं १९९६ साली अशाच एका नामांकित मिश्रणाच्या जाहिरातींवर, दाव्यांना पुरावा नाही म्हणून, तक्रार दाखल केली होती.

पण डब्यातलं पॉलिमर कायम टिकत नाही. बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच ऑइल. गिअरच्या दातांमध्ये त्या लांब साखळ्या सापडतात, ताणल्या जातात आणि मधोमध तुटतात. तुटकी साखळी ऑइल दाट धरू शकत नाही. हे घरी बघता येतं.

मेडिकलमधून १० मिलीच्या दोन सारख्या सिरिंज आणा, सुई नको, आतला दट्ट्या काढून टाका. गाडी पाच मिनिटं चालवा, इंजिन बंद करून ऑइल उतरवा. त्यातलं थोडं जुन्या सुती कापडातून एका वाटीत गाळा, नाहीतर तोटीत कचरा अडकून सगळी मोजणी चुकेल. त्याच कंपनीचं, त्याच ग्रेडचं नवीन ऑइल दुसऱ्या वाटीत शेजारी ठेवा. दोन्ही वाट्या एकाच परातीतल्या पाण्यात अर्धा तास राहू द्या. हे टाळू नका, दहा अंशांच्या फरकानंसुद्धा वेळ कितीतरी बदलतो. मग तोटीवर बोट ठेवून सिरिंज वरच्या रेघेपर्यंत भरा, उभी धरा, बोट काढा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. तीनदा करा, मधला आकडा धरा.

माझ्या १०० सीसीच्या गाडीचं ३,००० किलोमीटर चाललेलं ऑइल मागच्या महिन्यात ७१ सेकंदांत रिकामं झालं, नवीन ९२ सेकंदांत. परातीत कढत पाणी ओतून केलं तेव्हा जुनं २१, नवीन २७. धार बघितली तरी कळतं: नवीन ऑइलची धार शेवटपर्यंत दोऱ्यासारखी अखंड, जुन्याचे थेंब लवकर सुटायला लागतात.

जुनं पातळ निघालं तर आधी त्याचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर दोष पॉलिमरचा धरू नका, चोक नाहीतर कार्ब्युरेटर तपासा. वास नसेल आणि वेळ पाव हिश्शानं घटली असेल, तर पुढची बदली पाचशे किलोमीटर अलीकडे घ्या. उलट जुनं ऑइल नव्यापेक्षा हळू गळालं, तर ते करपून, काजळी धरून दाट झालंय. बदली कधीचीच हुकलीय.

उतरवलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजवर द्या, आमच्याकडून ते जुनं ऑइल गोळा करणारे परवानाधारक घेऊन जातात. आणि सिरिंजचे आकडे किलोमीटरसकट गाडीच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहा. पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं ऑइल घेतलंत, तर त्याच किलोमीटरला तेच मोजा.