आयर्लंडमधलं न सापडणारं गाव नाशिकमध्ये बसून कसं शोधायचं

देवळाली कॅम्प, नाशिकरोड, इगतपुरी, मनमाड या पट्ट्यात अजून अशी घरं आहेत की ज्यांच्या कपाटात खापरपणजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला नाहीतर फौजेतून सुटल्याचा कागद आहे, आणि त्यावर आयर्लंडमधल्या कुठल्यातरी गावाचं नाव आहे जे गूगल मॅपवर काही केल्या दिसत नाही. नवल नाही यात, १८३० च्या सुमारास ब्रिटिश फौजेत शेकडा ४० च्या वर शिपाई आयरिश होते, देवळालीला फौजेचा तळ, इगतपुरीला रेल्वे, काही जण इथलेच होऊन गेले. ओळखीतले लोक असे कागद घेऊन येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात आधी, ते नाव सर्चमध्ये टाकून एंटर मारत बसू नका. आधी त्याच्या वरची पायरी शोधा. नुसतं पिंपळगाव म्हटलं की आपण लगेच विचारतो ना, बसवंत की बहुला, तिकडेही अगदी तसंच आहे. प्रांत ४, काउंटी ३२ (आपला जिल्हा समजा), मग बॅरनी (तालुक्यासारखं), मग सिव्हिल पॅरिश (काही टाउनलँड मिळून एक) जे अडीच हजारांच्या आसपास आहेत, आणि तळाला टाउनलँड, ते ६० हजारांच्या वर. टाउनलँड म्हणजे टाउन नाही हं, तो जमिनीचा हद्द ठरलेला तुकडा आहे, त्यात कधी वीस घरं असतील कधी एकही नसेल. आणि एक भानगड अजून, चर्चवाल्यांचा कॅथलिक पॅरिश वेगळा, सरकारी सिव्हिल पॅरिश वेगळा, हद्दी जुळत नाहीत आणि बऱ्याचदा नावंही जुळत नाहीत, त्यामुळे कागदावर पॅरिश लिहिलंय म्हणजे नक्की कुठलं ते आधी बघायचं.

आता काउंटी तरी कशी कळणार? इथल्या दाखल्यावर बहुतेक वेळा काहीच नसतं, पण पलटणीचं नाव असतं आणि तेच कामाचं. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, एन-३ मालिका म्हणून मागायच्या. फिबिस म्हणून ब्रिटिश काळातल्या भारतातल्या कुटुंबांसाठी एक संस्था आहे, तिच्या साइटवर फुकट शोधता येतं, सुरुवात तिथून करा. पलटण कळली की शिपायाचा सुटकेचा कागद शोधायचा, तो लंडनच्या क्यूमधल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९७ या मालिकेत असतो (पेन्शन मिळालेल्यांचाच मुख्यतः). त्यात छापील ओळच असते की अमुक पॅरिशमध्ये, तमुक शहरात किंवा शहराजवळ, फलाण्या काउंटीत जन्म. या ओळीतलं ‘शहराजवळ’ लोक वाचतच नाहीत आणि खरी किल्ली तीच आहे.

समजा कागदावर आहे ‘किलमरी, क्लेअर’. एकट्या क्लेअर काउंटीत किलमरी इब्रिकेन आहे आणि किलमरी मॅकमहॉनही आहे, शिवाय कॉर्क आणि लिमरिकमध्ये वेगळ्या किलमऱ्या. पण जवळचं शहर मिलटाउन मालबे लिहिलं असेल तर समुद्राकडचं इब्रिकेन आधी बघायचं, आणि शॅनन नदीच्या मुखाकडचं एखादं शहर असेल तर मॅकमहॉन. एका ओळीत अर्धं काम झालं.

स्पेलिंगवर मात्र काडीचाही विश्वास ठेवू नका. शिपायाला बऱ्याचदा लिहिता यायचं नाही, कारकून इंग्रज, त्याला जे ऐकू आलं ते त्याने ठोकलं. वर १८२४ पासून ऑर्डनन्स सर्व्हेवाल्यांनी सगळा देश मोजून नकाशे काढले तेव्हा आयरिश नावं इंग्रजी वळणाने पक्की केली, त्याच्या आधीच्या कागदात त्याच जागेचं भलतंच रूप सापडतं. माझा उपाय सोपा आहे, नाव मोठ्याने वाचा आणि देवनागरीत लिहा. आपली लिपी या कामाला एक नंबर. कागदावर वाय-ए-डब्ल्यू-एल असेल तर देवनागरीत ‘यॉल’, आणि कॉर्कमधल्या ज्या बंदराचा उच्चार यॉल आहे त्याचं स्पेलिंग वाय-ओ-यू-जी-एच-ए-एल आहे, इंग्रजी अक्षरं जुळवत बसलात तर जन्मात सापडणार नाही. लोगेनम म्हणून आयर्लंडच्या स्थळनावांचा सरकारी डेटाबेस आहे (एल-ओ-जी-ए-आय-एन-एम डॉट आयई), तिथे पुष्कळ नावांचे उच्चार ऐकायलाही मिळतात. सुरुवातीचं बॅली किंवा किल काढून टाकून उरलेल्या भागावरही शोधा, शेवटचं मोर, बेग म्हणजे थोरलं धाकटं, तेही कधी लिहितात कधी गाळतात. जुन्या हस्ताक्षरात जोड एस मधला पहिला एस हुबेहूब एफ सारखा दिसतो, म्हणून ‘रॉस’चं ‘रॉफ्स’ होतं.

काउंटीच सापडत नसेल तर नाव बदललंय का बघा. किंग्ज काउंटी म्हणजे आताची ऑफली, क्वीन्स काउंटी म्हणजे लीश, क्वीन्सटाउन म्हणजे कोव्ह, किंग्जटाउन म्हणजे डन लेरी, मेरीबरो म्हणजे पोर्टलीश.

पॅरिश हातात आला की मग आडनाव घ्या. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या, नंतरच्या चार सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या, त्यामुळे १९०१ आणि १९११ या दोन पूर्ण मिळतात, ऑनलाइन आणि फुकट. मधली पोकळी ग्रिफिथच्या व्हॅल्युएशनने भरायची, १८४७ ते १८६४, टाउनलँडवार कोण कुणाची जमीन कसतंय त्याची यादी, आणि त्याआधीची टाइद बुकं (शेतकऱ्यांकडून चर्चसाठी घ्यायच्या कराच्या वह्या), १८२३ ते १८३७. टाउनलँड्स डॉट आयई वर पॅरिशातल्या सगळ्या टाउनलँडांची यादी मिळते, ती एकीकडे उघडा, ग्रिफिथ दुसरीकडे, आणि आपलं आडनाव ज्या ज्या टाउनलँडमध्ये आहे ती नावं एकेक करून कागदावरच्या नावाशी कानाने जुळवा. आडनाव मर्फीसारखं घरोघरी सापडणारं असेल तर देवच वाली, तेव्हा आजीचं माहेरचं आडनावही लावायचं, दोन्ही आडनावं शेजारी शेजारी दिसली की तिथे थांबायचं. जुळलं की नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडच्या साइटवर कॅथलिक पॅरिशची रजिस्टरं आहेत, साधारण १८८० पर्यंतची, फुकट, अक्षर मात्र डोळे फोडणारं.

इतकं करूनही नाव कुठल्याच यादीत नसेल तर ते बहुधा टाउनलँडच्याही खालचं आहे, एखादा चढ, चौफुली, शेत. १९३७ ते १९३९ मध्ये तिकडच्या प्राथमिक शाळांतल्या पोरांकडून गावोगावच्या गोष्टी, शेतांची नावं लिहून घेतली होती, ते सगळं डुखस डॉट आयई वर आहे (डी-यू-सी-एच-ए-एस), असली नावं तिथेच लागतात. उत्तर आयर्लंडच्या ६ काउंट्यांची शाळकरी पोरं त्यात नाहीत, त्यांच्यासाठी बेलफास्टचं प्रोनी हे सरकारी दप्तर.

शेवटी काउंटी लायब्ररीला मेल टाका, क्लेअरवाल्यांनी तर ढीगभर नोंदी स्वतःच ऑनलाइन टाकल्यात. मेलमध्ये पणजोबांचं अख्खं चरित्र नको. आडनाव, अंदाजे जन्मसाल, कागदावर जसं आहे तसं नाव, जवळचं शहर, आणि त्या एका ओळीचा स्वच्छ फोटो, बास. फोन करायचा असेल तर ते आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतात, म्हणजे आपल्याकडे दुपारी तीननंतरच.