महामार्गाकडची खिडकी बंद करण्यापूर्वी

घर महामार्गाला लागून असेल, तर आवाज अडवण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न रस्ता रुंद होण्यापूर्वीच विचारावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७५ च्या नियमांनुसार, नव्या किंवा वाढवलेल्या रस्त्यापासून ३०० मीटरच्या आतील घरापाशी आवाज ६८ डेसिबलपर्यंत पोहोचला आणि इतर अटी पूर्ण झाल्या, तर मूळ खिडकीच्या आत दुसरी खिडकी आणि हवा खेळवणारे यंत्र बसवण्याचा खर्च रस्ते प्राधिकरण करते. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. खिडक्यांसाठी पैसे देण्याची तरतूद मात्र त्यांत नाही.

त्यामुळे भुसावळ, जळगाव, पारोळा, धुळे या पट्ट्यात सार्वजनिक पैसा मागायचा, तो रस्त्याकडेच्या ध्वनिरोधक भिंतीसाठी. पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी होणार असेल, तर तिची सूचना निदान ३० दिवस आधी निघते; तेवढ्या अवधीत घर, शाळा आणि दवाखाना यांची रस्त्यापासूनची अंतरे व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील मोजमापे जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. मोबाइलवरील मोजमाप पुरावा म्हणून तोकडे पडते, तरी मागणीला आकडा मिळतो. भिंत इतकी उंच मागावी की, खिडकीतून ट्रकची चाके व इंजिन दिसू नये. कडुनिंबाची एक रांग सावली देईल, आवाज फारसा अडवणार नाही.

जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती आवाज चांगला अडवतात. तो शिरतो खिडकीतून. वारा असलेल्या संध्याकाळी पेटलेली उदबत्ती सरकत्या खिडकीच्या खाचेवरून हळूहळू फिरवावी आणि धूर जिथे वळेल तिथे खडूने खूण करावी. त्या फटी रबरी पट्टीने बुजवल्याशिवाय जाड काचेवर पैसे घालू नयेत. दुसरी खिडकी बसवायची झाल्यास दोन काचांमध्ये निदान १०० मिलिमीटर अंतर ठेवावे.

खरी अडचण कूलरची. मे महिन्यात खिडक्या बंद करून झोपणे खानदेशात शक्य नाही, आणि रस्त्याकडच्या खिडकीत बसवलेला कूलर म्हणजे आवाजाला मोकळी वाट. तो परसाकडच्या खिडकीत हलवावा आणि दमट हवा बाहेर पडण्यासाठी त्याच बाजूची दुसरी खिडकी किंवा झरोका उघडा ठेवावा.